हळदीतला डोलकर



लग्नसराईत संध्याकाळनंतर पेणहून वडखळ-नागोठणेमार्गे रोह्याला निघालात, तर वाटेतल्या एखाद्या तरी गावात मांडव पडलेला असतो आणि बेंजोचा आवाज थेट हमरस्त्यापर्यंत येतो. हळदीची रात्र असते. त्या रात्रीत एक गाणे हमखास वाजते, 'मी डोलकर'. माइकवर गायक असतोच असे नाही. शब्द नसतात, बासरी नसते, कोरस नसतो. तरीही पहिले चार सूर वाजले की मांडवातल्या म्हाताऱ्या बायांपासून पाचवीतल्या पोरापर्यंत सगळे उठतात. त्यांतल्या बहुतेकांनी मूळ ध्वनिमुद्रिका नीट बसून कधी ऐकलेली नसते. त्यांच्यासाठी हे गाणे गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या बेंजो पार्टीचेच असते.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते आहे, त्यांनी शाळेतल्या मुलांना आयुष्यभर गाणी शिकवली. ती सगळी दुसऱ्यांचीच गाणी होती. म्हणून या व्यासपीठावर दुसऱ्याचे गाणे आपल्या हातांनी वाजवणाऱ्यांविषयी बोलावे असे मला वाटले. पाश्चात्त्य संगीतात गाजलेले जुने गाणे दुसऱ्या गायकाने किंवा बँडने पुन्हा सादर केले की त्याला 'कव्हर' म्हणतात. तिकडे या प्रकारावर ग्रंथ लिहिले गेले. आपल्याकडे तेच काम करणाऱ्या पोरांना 'वाजवणारी पोरं' म्हणून चहा-वडापाव देऊन वाटेला लावतात. हे बदलावे, असे मला मनापासून वाटते.

आधी 'मी डोलकर' हे गाणे मुळात कुणाचे, ते पाहू. शब्द शांता शेळके यांचे. त्यांचा जन्म १९२२ सालचा, इंदापूरचा. बालपण पुणे जिल्ह्यात, समुद्रापासून दूर. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. गायिका लता मंगेशकर आणि गायक हेमंतकुमार, म्हणजे हेमंत मुखोपाध्याय, रवींद्रसंगीतात वाढलेले बंगाली गृहस्थ. आता बघा, कोळ्यांचे म्हणून जे गाणे अख्खा महाराष्ट्र ओळखतो, ते लिहिणारी कवयित्री देशावरची आणि डोलकराचा आवाज कलकत्त्याचा. या चौघांत कोळीवाड्यात जन्मलेले कुणीच नाही. कोळी गाण्यांचा हेलकावा, त्यांच्या बोलीतली हाक, होडीच्या चालीचा ठेका, हे सगळे त्यांनी बाहेरून ऐकले, आपलेसे केले आणि स्टुडिओत नव्याने उभे केले. म्हणजे मूळ समजली जाणारी ध्वनिमुद्रिका हेच कोळ्यांच्या गाण्याचे एक सादरीकरण होते.

आणि नंतर काय झाले? ज्यांच्या गाण्यावरून ते घडले, त्या कोळी-आगरी माणसांनी ते परत घरी आणले. रेडिओवरून, तबकडीवरून, कॅसेटवरून ते उचलले आणि नारळीपौर्णिमेला, हळदीला, होळीला वाजवायला सुरुवात केली. गाणे बंदरातून निघाले, मुंबईच्या स्टुडिओत गेले आणि बंदरात परतले. या प्रवासात ते कुणा एकाचे राहिले नाही. 'गोमू माहेरला जाते हो नाखवा' याची कथा फार वेगळी नाही. १९६४ च्या 'वैशाख वणवा' चित्रपटातले ते गाणे. शब्द गदिमांचे, संगीत दत्ता डावजेकरांचे, आवाज पंडित जितेंद्र अभिषेकींचा. माणदेशातला कवी कोकणातल्या नाखव्याला हाक घालतो आणि आज कोकणातला माणूस ते गाणे आजीचे समजून गातो.

हळदीत 'मी डोलकर' संपले की बऱ्याचदा लगेच नागीण सुरू होते. कुणीतरी रुमालाचे एक टोक दातांत धरून दुसरे टोक हातात घेतो, रुमालाची पुंगी करतो. दुसरा दोन्ही हातांचा फणा करून जमिनीवर लोळतो. भारतभरच्या वरातींत हेच चालते. ही धून १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली. संगीतकार कोण? हेच हेमंतकुमार. इथल्या खारेपाटातल्या एकाच हळदीत लागोपाठ वाजणाऱ्या दोन गाण्यांपैकी एकाचा गायक आणि दुसऱ्याचा संगीतकार एकच बंगाली माणूस, आणि मांडवात त्याचे नाव कुणाच्याही ओठी नाही. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हापासून मला कुठल्याही मांडवात ही दोन गाणी अलिप्तपणे ऐकता आलेली नाहीत.

'नागिन'मधली ती पुंगी पुंगीच नव्हती. हेमंतकुमारांचे त्या वेळचे साहाय्यक कल्याणजी, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेले, यांनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. साथीला हार्मोनियमवर रवी होते, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. क्लॅव्हायोलिन हे पेटीसारख्या पट्ट्यांचे छोटे वाद्य कॉन्स्तां मार्तां या फ्रेंच तंत्रज्ञाने १९४७ च्या सुमारास तयार केले. त्यातून बारीक, नाकातला, किंचित थरथरता सूर निघतो. गारुड्याच्या पुंगीची नक्कल त्या यंत्रात सापडेल हे ओळखणारा कान मोठाच. याच वाद्याचा सूर पुढे ब्रिटनच्या बँडांनीही वापरला. बीटल्सच्या १९६७ च्या 'बेबी, यू आर अ रिच मॅन' या गाण्यात तो ऐकू येतो. म्हणजे आपल्या वरातीतल्या नागिणीचा आणि लिव्हरपूलच्या रॉक बँडचा सूर एकाच जातीच्या यंत्रातून निघाला आहे, आणि नागीण त्यांच्या तेरा वर्षे आधीची.

आता त्या यंत्राकडे वळतो ज्याच्यावर आपली पोरे हे सगळे वाजवतात. आपण त्याला बेंजो म्हणतो. अमेरिकेतल्या गोल, कातडी मढवलेल्या बँजोशी त्याचे नावापुरतेच नाते. याचे दुसरे नाव बुलबुल तरंग. जपानमध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो नावाचे वाद्य बनवले. लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारा दाबण्यासाठी टाइपरायटरसारख्या कळा. सामान्य माणसाला घरी वाजवता यावे अशी त्यामागची कल्पना. ते बंदरा-बंदरांतून आशियाभर पसरले, आपल्याकडे आले आणि बुलबुल तरंग झाले. मग इथल्या माणसांनी त्याला पिकअप जोडला, अॅम्प्लिफायर लावला आणि रस्त्यावर आणले. घरात हलकेच वाजवायचे वाद्य शेकडो माणसांना नाचवू लागले.

एखाद्या चांगल्या बेंजोवादकाचे हात कधी जवळून पाहा. डावा हात कळांवर असतो. उजव्या हातातली नखी तारांवर इतकी जलद फिरते की दिसतच नाही. याला कारण आहे. माणसाचा गळा सूर लांबवू शकतो. लताबाई एका सुरावर श्वासभर थांबू शकत. बेंजोची तार छेडली की सूर क्षणात विरतो. म्हणून वादक एकच सूर पुन्हा पुन्हा छेडत राहतो आणि त्या छेडण्याच्या गर्दीतून लांब सुराचा भास उभा करतो. गळ्यातली मींड कळांवर येत नाही, तेव्हा तो शेजारच्या कळेला ओझरता स्पर्श करून पुढच्या सुरावर येतो. 'मी डोलकर'मधली जी ओळ ध्वनिमुद्रिकेत सावकाश वर चढते, ती बेंजोवर छोट्या छोट्या ठिणग्यांची होते. गाणे तेच, पण अंगावर येण्याची तऱ्हा निराळी. मूळ गाण्यात हेलकावा आहे, बेंजोत उसळी आहे. हा फरक वादकाच्या उणिवेतून आलेला नाही, वाद्याच्या स्वभावातून आला आहे. तो स्वभाव ओळखून गाण्याला नवी चाल देणे हे संगीतकाराचे काम आहे, आणि हे काम आपल्या गावांतली पोरे कुठल्याही विद्यालयात न जाता करतात. बहुतेकांना नोटेशन येत नाही. गाणे कानाने उचलायचे, थोरल्या वादकाच्या शेजारी बसून बोटे पाहायची, ही त्यांची शाळा.

बेंजोवादकाच्या भोवती बाकीची मंडळी असतात. ढोल, ताशा, टिमकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. पार्टीच्या मालकाने हळदीची सुपारी घेतली की तालीम सुरू होते. कुठल्या गाण्यातून कुठल्या गाण्यात उतरायचे हे आधी ठरते आणि मांडवात बदलते. नवरीची आत्या समोर आली, तिला जुने गाणे हवे आहे, हे बेंजोवाला तिच्या चेहऱ्यावरून ओळखतो आणि ताशावाल्याकडे नुसती मान वळवतो. दोन मात्रांत अख्खी पार्टी दुसऱ्या गाण्यावर जाते. हे मी स्टुडिओतल्या नावाजलेल्या वादकांतही क्वचित पाहिले आहे.

विजेवरच्या तारा, दणदणीत ताल, मागे अॅम्प्लिफायर, आणि वाजवणारी कामकरी घरांतली विशी-पंचविशीतली मुले, याचेच नाव इंग्लंडात १९६० च्या आसपास रॉक बँड पडले. बीटल्स हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र दुसऱ्यांची गाणी वाजवून तयार झाले. १९६३ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या एलपीत चौदा गाणी आहेत, त्यांतली सहा दुसऱ्यांची. १९६४ ची रोलिंग स्टोन्सची पहिली एलपी बव्हंशी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या गाण्यांची. तिथे त्यांना नुसते नकलाकार ठरवून बाजूला सारले नाही. दुसऱ्याचे गाणे वाजवता वाजवता स्वतःचा हात सापडतो, हे त्या जगाने मान्य केले.

त्या जगातली एक जोडी मला फार महत्त्वाची वाटते. बॉब डिलनने १९६७ मध्ये 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' हे गाणे केले, गिटार आणि माउथ ऑर्गनच्या साथीने, साधे, जवळजवळ पुटपुटल्यासारखे. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते आपल्या इलेक्ट्रिक गिटारवर घेतले आणि त्याचे वादळ केले. डिलनला ते इतके पटले की पुढे मैफलींत हे गाणे तो हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला. मूळ कवीने कव्हरपुढे नमते घेतले, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. चांगले कव्हर मूळ गाण्यात दडलेली, मूळ कर्त्यालाही न दिसलेली एखादी खोली उघडते. असे झाले की कव्हर हे कव्हर राहत नाही, गाण्याचा दुसरा जन्म होतो.

आपल्या परंपरेला हे परके नाही. जुनी संगीत नाटकांची पुस्तके उघडा. पदाच्या वर बारीक अक्षरांत 'चाल' अशी सूचना आणि मूळ गाण्याचे नाव छापलेले असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे यांच्या चाली नाटकात आल्या. पुढे भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'ला चाली देताना रागदारी बंदिशींचा आधार घेतला. मराठी नाट्यसंगीताचे वैभव बरेचसे अशा घेतलेल्या चालींवर उभे आहे, आणि त्या पुस्तकांनी हे उसने घेणे उघडपणे छापले. 'चाल' हा एक शब्द छापला की ऋण मान्य झाले. कोकणातले भजनी बुवा सिनेमाच्या चालीवर गजर बांधतात, बाल्या नाचातले शाहीर नव्या गाण्यांवर आपली कवने बसवतात, खालूबाजातला सनईवाला पालखीपुढे देवाच्या गाण्यानंतर लोकांच्या आवडीचे गाणेही काढतो. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात. ती पालखी वाजतगाजत सगळ्या गावातून फिरते तेव्हा जुने काय आणि नवे काय हे कुणी वेगळे काढत बसत नाही.

रोह्याचाच आणखी एक दाखला देतो. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे रोह्याशी असलेले नाते तुम्हाला माहीत आहे. अर्थकारणाच्या रगाड्यात त्यांनी कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले, त्याच वृत्तात, श्लोकाला श्लोक. नंतर कुसुमाग्रजांनी, बा. भ. बोरकरांनी, आणि ज्यांनी 'मी डोलकर' लिहिले त्या शांता शेळक्यांनीही 'मेघदूत' मराठीत आणले. काव्य एकच, आवाज चार. एकाने केले म्हणून दुसऱ्याने करू नये, असे यांपैकी कुणाला वाटले नाही. आणि कालिदासाचे नाव कुणीही लपवले नाही.

पेणमध्ये बोलतो आहे म्हणून गणपतीच्या कारखान्यांतल्या कामाची आठवण होते. हमरापूर, जोहे, पेण शहर, इथे एका साच्यातून शेकडो गणपती निघतात. साचा एकच, पण डोळ्यांची आखणी हाताने होते, आणि तो ब्रश कारखान्यातल्या सगळ्यात जाणत्या माणसाच्या हातात असतो. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती शेजारी ठेवा. आखणी कुणी केली हे जाणकार लांबूनही सांगतो. कव्हरचे मोल मी याच नजरेने करतो. चाल हा साचा झाला, त्यात आखणी दिसली पाहिजे.

आखणी नसलेली कव्हरेही आपण पुष्कळ ऐकली. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि जुन्या गाण्यांच्या दुसऱ्या आवाजातल्या कॅसेटींचा पूर आला. एसटी स्टँडवरच्या टपरीवर त्या मिळत. त्या वेळच्या कायद्यात अशा ध्वनिमुद्रणाला वाट होती आणि टी-सीरिजने तिचा पुरेपूर वापर केला. एका बाजूला त्यातून सोनू निगमसारखे गायक पुढे आले, रफींची गाणी गात गात त्यांनी स्वतःचा गळा घडवला. दुसऱ्या बाजूला निव्वळ नकलेचा ढीगही साठला. मग २००० नंतर रीमिक्स आले. मूळ गाण्याखाली एकच धडधडता ठेका घालायचा, मध्ये दोन इंग्रजी ओळी, झाले नवे गाणे. लताबाईंनी २०१८ मध्ये यावर जाहीरपणे लिहिले. गाण्याचा मूळ गोडवा राखून ते नव्या रूपात मांडायला त्यांची हरकत नव्हती. शब्दांची मोडतोड करणे आणि दुसऱ्याचे श्रेय लाटणे त्यांना मान्य नव्हते. मला ही भूमिका अगदी रास्त वाटते.

बेंजो पार्टीवरचे आजचे संकट याच ठेक्यातून आले आहे. डीजेने हळदीची सुपारी खाल्ली. डीजेकडे माणसे कमी लागतात, आवाज जास्त मिळतो. पण डीजे गाणे वाजवत नाही, लावतो. दुसऱ्याने पूर्ण केलेले ध्वनिमुद्रण तो मोठ्या आवाजात सोडतो. बेंजोवाल्याला ते गाणे आधी शिकावे लागते, बोटांत उतरवावे लागते. शिकताना तो त्याच्यावर प्रेम करू लागतो. गावात दहा बेंजो पार्ट्या असतील तर दहा 'डोलकर' असतात, दहा डीजे असतील तर एकच. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी घातली. हे नियम बेंजोलाही लागू आहेत आणि पार्ट्यांनी ते पाळलेच पाहिजेत. पण ते खरोखर पाळले गेले तर फायदा बेंजोचाच आहे, कारण हळू आवाजात वाजवूनही ज्याचे गाणे कळते, असा हळदीत तोच एक उरेल.

आता नावाचा प्रश्न. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या व्याख्यानातली माझी खरी तक्रार इथे आहे.

दुसऱ्याचे गाणे घेणे ही चोरी नव्हे. नाव लपवणे ही चोरी. इंग्लंडच्या अॅनिमल्स या बँडने १९६४ मध्ये 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे जुने लोकगीत आपल्या पद्धतीने वाजवले. ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. मांडणी पाच जणांनी मिळून केली, तबकडीवर नाव मात्र एकट्या ऑर्गनवादकाचे पडले आणि पैसेही त्यालाच मिळाले. बँडमधला तो कडवटपणा शेवटपर्यंत गेला नाही. लेड झेपेलिनने १९६९ मध्ये 'होल लॉटा लव्ह' आपले म्हणून काढले. त्यातले बरेचसे शब्द विली डिक्सन या ब्लूज गीतकाराच्या गाण्यातले होते, मडी वॉटर्सने ते १९६२ मध्ये गायले होते. डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावे लागले. तडजोड झाली आणि पुढच्या आवृत्त्यांवर त्याचे नाव आले. जगातल्या सर्वांत श्रीमंत बँडपैकी एक, आणि एक नाव छापायला इतका उशीर.

आपल्या कायद्याकडे या दृष्टीने पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. आता कुणाला जुन्या गाण्याचे कव्हर ध्वनिमुद्रित करून विकायचे असेल तर कलम ३१-सी आहे. पहिले ध्वनिमुद्रण निघाले ते वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबायचे, रीतसर सूचना द्यायची, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, तांत्रिक गरज नसलेले फेरफार करायचे नाहीत, हे कव्हर आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहायचे. छोट्या पार्टीला हे जड आहे, हे मला मान्य आहे. पण हळदीत वाजवणाऱ्यांसाठी त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये निराळी तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणे सादर केले तर हक्कभंग होत नाही, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सोहळे येतात असे तिथे स्पष्टीकरणच दिले आहे. म्हणजे हळदीत, वरातीत 'मी डोलकर' वाजवणाऱ्याकडे कायदा एक पैसाही मागत नाही. शांताबाईंच्या, हृदयनाथांच्या वाट्याला त्या रात्री काहीच येत नाही. जिथे पैसा माफ आहे तिथे निदान नाव तरी घ्यावे, एवढे देणे आपल्याकडे उरते.

याहून मोठे ऋण दुसरीकडे आहे, आणि ते कुठल्याच कायद्यात बसत नाही. आगरी लग्नात बेंजोच्या आधीपासून एक बाई गात आली आहे. धवलारीण. लग्नाचा एकेक विधी ती गाण्याने पुढे नेते. हळद लावताना, तेल चढवताना, नवरदेव मांडवात येताना, प्रत्येक वेळचा धवला वेगळा. मराठीत धवळ्यांची परंपरा फार जुनी आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, आणि तिला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो. खारेपाटातल्या धवलारणीचे धवले कुठल्या पुस्तकातून आले नाहीत, सासूकडून सुनेकडे, आत्याकडून भाचीकडे आले. प्रत्येक धवलारीण तेच गाणे आपल्या पद्धतीने गाते, एखादी ओळ गाळते, नवरीच्या बापाचे नाव घालते. ती आयुष्यभर कव्हरच गात आली आहे आणि तिच्यापेक्षा खरे मूळ गाणे कुठेच नाही. आज तिचे गाणे मांडवाच्या एका कोपऱ्यात उरले आहे. विधी ती करते, आवाज दुसऱ्याचा असतो. अनेक घरांत आता तिला बोलावतही नाहीत.

बेंजोवाल्या मुलांना मी एक विनंती केली आहे आणि आज जाहीरपणे पुन्हा करतो. रॉक बँडांनी जुन्या ब्लूज गायकांकडे जाऊन जसे त्यांच्या पायाशी बसावे तसे तुम्ही आपल्या गावातल्या धवलारणीकडे जा. तिचा एक धवला घ्या आणि बेंजोवर बसवा. सुरुवातीला जमणार नाही. त्या गाण्यात ताल सैल असतो, ती श्वासाप्रमाणे ओळ लांबवते, आणि बेंजोला तर सूर लांबवणेच कठीण. ताशा थांबवून वाजवावा लागेल, कदाचित नुसत्या टिमकीवर. पण ज्यांनी हेमंतकुमारांचा लांब श्वास नखीच्या थरथरीत आणून दाखवला त्यांना धवलारणीचा श्वासही सापडेल. शब्द तिलाच गाऊ द्या. तिला माइक द्या.

मंडळांना आणि यजमानांनाही माझे सांगणे आहे. हळदीच्या पत्रिकेवर बेंजो पार्टीचे नाव तुम्ही छापता, त्याखाली धवलारणीचे नाव छापा. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात जुने गाणे वाजवण्यापूर्वी निवेदकाने गीतकार आणि संगीतकार सांगावा. अर्धे मिनिट लागते. यूट्यूबवर कार्यक्रमाचे चित्रण टाकताना वर्णनात तीच नावे लिहावीत आणि वादकांची नावेही लिहावीत. ज्यांच्या घरी म्हातारी धवलारीण आहे त्यांनी येत्या पावसाळ्यात, लग्नसराई सुरू होण्याआधी, तिचे धवले मोबाइलवर टिपून ठेवावेत, पूर्ण, मध्ये न थांबवता. तिचे नाव, गाव आणि ते गाणे तिला कुणी शिकवले त्या बाईचे नाव, एवढे तीन तपशील ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच तिच्याच तोंडून बोलून घ्या. पेण आणि रोहा इथल्या ग्रंथालयांनी ही ध्वनिमुद्रणे जमा करून ठेवण्याची जबाबदारी घ्यावी, अशी त्यांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे.